आधी हात, मग डोळे

आमच्याकडे चोरी झाली हे मला नवऱ्याने सकाळी चहाच्या वेळी सांगितलं. नवल म्हणजे घरातून गेलं काहीच नव्हतं.

तो बैठकीच्या खोलीत काचेच्या कपाटासमोर उभा होता. हातातला कप कलंडला होता, चहा बशीत सांडत होता, पण त्याला त्याचं भान नव्हतं.

"निळी गेली," तो म्हणाला.

मी पाहिलं. निळी फुलदाणी वरच्या फळीवर, तिच्या ठरलेल्या जागी होती. पोटावर तोच बगळा, पाण्यात एक पाय रोवून उभा, मागे लव्हाळ्याची पाती.

"ही काय, नाकासमोर आहे," मी म्हटलं. "चष्मा पूस."

"पुसलाय. ही निळी नाही. निळीसारखी बनवलेली दुसरी आहे. निळी कोणीतरी नेली आणि तिच्या जागी ही ठेवली."

दुसऱ्या कोणी हे म्हटलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. पण आमच्या घरात नकली फुलदाणी ओळखण्याचं काम त्याचं आहे, आणि त्या कामात तो चुकल्याचं मी आजवर पाहिलेलं नाही. बाकी सगळ्यात चुकतो. वाढदिवस विसरतो, मीठ समजून साखर घालतो, लेकीच्या लग्नात चुकीच्या दालनात जाऊन कोणा भलत्याच मुलीला आशीर्वाद देऊन आला होता. फुलदाणी मात्र नाही. म्हणून त्या सकाळी मी हसले खरी, पण पुन्हा एकदा निळीकडे निरखून बघितलं.

आम्ही दोघं जुन्या, हाताने रंगवलेल्या फुलदाण्या जमवतो. सगळ्या एकाच कारखान्याच्या. तो आमच्या जन्माआधीच बंद पडला. तिथे लांब टेबलांवर ओळीने मुली बसायच्या आणि कच्च्या, ओलसर भांड्यांवर पातळ रंगीत मातीने पक्षी, पाती, तळी चितारायच्या. मग त्यावर काचेसारखी झिलई चढायची आणि भांडं भट्टीत जायचं. मुलींची नावं कोणी लिहून ठेवली नाहीत, पण प्रत्येकीला बुडाला आपली एक खूण कोरायची मुभा होती. आम्ही त्यांना खुणांवरूनच ओळखतो. एक चांदणीवाली, एक माशाच्या शेपटीवाली, आणि आमची सगळ्यांत लाडकी पीसवाली. निळी पीसवालीची. बुडाच्या आतल्या कडेला, झिलईखाली, पीसवालीच्या अंगठ्याचा ठसा आहे. माती ओली असताना कधीतरी घाईत उचललं असणार तिने. मी माझा अंगठा तिथे ठेवला की अगदी बसतो.

आमची ओळख त्या निळीमुळेच झाली. टकटक काकांच्या दुकानात. काका जुन्या वस्तू विकायचे आणि दिसेल ती वस्तू बोटाच्या पेराने वाजवून बघायचे, म्हणून हे नाव. मी निळी उचलली होती, आणि उचलली होती गळ्याला धरून. शेजारचा एक उंच तरुण म्हणाला, "गळा धरू नका हो. माणसाचा धरत नाही, हिचा कशाला?"

"माणसाचा धरत नाही, हे तुम्हाला कोणी सांगितलं?" मी म्हटलं.

ती दोघांनाही हवी होती. दोघंही हटेनात. शेवटी लग्न केल्याशिवाय ती दोघांच्या घरात जाणार नाही हे लक्षात आलं, असं तो पाहुण्यांना सांगतो. मला हा विनोद पाठ आहे आणि दर वेळी मी नाक मुरडते.

त्याची तपासायची एक पद्धत होती. दुकानात कोणतीही फुलदाणी समोर आली की तो आधी डोळे मिटायचा. मग दोन्ही तळव्यांत घेऊन तिचं वजन जोखायचा. अंगठा काठावरून गोल फिरवायचा, गळ्यावरून उतरवायचा, बुडाशी न्यायचा. नखाने वाजवून कान द्यायचा. कुठे डागडुजी केल्याचा संशय आला तर ती जागा पुढच्या दातांना लावून बघायचा, कारण झिलई दाताला थंड आणि कडक लागते, भरलेला रंग मऊ लागतो. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला वाटलं, हा आता चावतोय की काय. हे सगळं झाल्यावर मग डोळे उघडायचा. "आधी हात, मग डोळे," तो म्हणायचा. "डोळ्यांना एकदा आवडली की ते तिचीच बाजू घेतात."

पण हे दुकानातलं. घरातल्या वस्तू असं कोण चाचपून बघतं? घरात आपण नुसतं बघतो.

तर चोरी झाली. मी मान्य केलं, एवढंच सांगते. त्याचा डोळा म्हणतो म्हणजे झाली. कुलूप तुटलेलं नव्हतं, खिडक्या बंद होत्या, म्हणजे चोराकडे किल्ली होती. आम्ही कुलूप बदलून घेतलं. कुलूपवाला म्हणाला, "काय गेलं हो?" "काही नाही," मी म्हटलं. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मीच चोर.

नवं कुलूप लागलं आणि हिरवी गेली. मग लांब मानेची. मग दोन सारख्या ठेंगण्या, ज्यांना आम्ही जुळ्या म्हणायचो. दर थोड्या दिवसांनी तो कपाटासमोर थांबायचा, बोटाने दाखवायचा आणि म्हणायचा, "ही पण." तो आरडाओरडा करत नव्हता. त्याचा आवाज खाली खाली जात होता, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटत होती.

मी कपाट उघडून बघितलं. आम्ही प्रत्येक फुलदाणी बुडाला मऊ मेणाचे ठिपके लावून फळीला चिकटवतो, धक्का लागून पडू नये म्हणून. मेण जुनंच होतं, पिवळं पडलेलं, कडेला धूळ धरलेलं. कोणी फुलदाणी उचलली असती तर ते सुटलं असतं. हे मला दिसलं, समजलंसुद्धा, आणि तरी मी काय विचार केला? चोर इतका पक्का आहे की जुनं मेणसुद्धा घेऊन येतो. भीती एकदा घरात शिरली की ती माणसाला फार हुशार करते.

आम्ही एकत्र बाहेर जाणं सोडलं. एकाने बाजार करायचा, दुसऱ्याने कपाटासमोर बसायचं. माझी पाळी असली की मी मांडीवर विणकाम घेऊन बसे आणि एकही टाका न घालता दाराकडे बघत राही. शेजारच्यांच्या दाराची कडी वाजली तरी उठून आमचं कुलूप तपासून येई. एकदा मी कपाटाखालच्या फरशीवर अंगाला लावायची पावडर भुरभुरवली. सकाळी तिच्यावर पावलं उमटली होती आणि मी किंचाळणारच होते, पण ती त्याच्या सपातांची निघाली. रोज उठल्याबरोबर तो तिथेच जाऊन उभा राहायचा.

मग किल्ली कोणाकोणाकडे आहे याचा विचार सुरू झाला. जुन्या कुलपाची एक लेकीकडे होती, नव्याचीही एक तिला दिली होती. ती दुसऱ्या शहरात राहते. मी तिला फोन केला, इकडचं तिकडचं बोलले, आणि मग हळूच विचारलं, "आमची किल्ली जावईबापूंच्या हाती कधी लागली होती का गं?"

"आई, तू काय विचारतेयस ते तुला कळतंय का?"

"नुसतं विचारलं."

"नुसतं नाही विचारलंस. आणि बाबांना डॉक्टरकडे ने."

"बाबांना काय झालंय? बाबांचा डोळा अजून तुझ्या नवऱ्यापेक्षा शाबूत आहे," मी म्हटलं आणि फोन ठेवला. माझ्या नाकावर राग असतो हे सगळे जाणतात, पण तो राग नव्हता. तिने जे म्हटलं ते मलाही आतून कोणीतरी म्हणत होतं, आणि मला ते ऐकायचं नव्हतं. चोर परवडला. चोराला कुलूप लावता येतं.

यानंतर मलासुद्धा त्या नकली दिसू लागल्या. खरं सांगते. बगळ्याचा पाय आधी इतका बारीक होता का? हिरवी इतकी हिरवी होती का? संध्याकाळचा उजेड कपाटावर पडला की त्या सगळ्या माझ्याकडे बघत असल्यासारख्या वाटत आणि त्यांतली एकही ओळखीची वाटत नसे. मी कपाटावर चादर टाकली. मग वाटलं, चादरीआड त्या बदलतायत. चादर काढली.

शेवटी मी टकटक काकांना बोलावलं. त्यांनी दुकान केव्हाच बंद केलंय, काठी घेऊन चालतात, पण निळी त्यांनीच विकलेली. त्यांनी आधी आमचं दार वाजवून बघितलं, मग टेबल, मग खुर्ची, आणि मगच तिच्यावर बसले. मी मेण सोडवून निळी त्यांच्या पुढ्यात ठेवली. त्यांनी ती वाजवली. खणखणीत, लांबवर रेंगाळणारा आवाज आला. त्यांनी बूड बघितलं, पीस बघितलं, भिंग लावून आतला ठसा बघितला. मग मान वर करून माझ्या नवऱ्याला म्हणाले, "ही मीच तुम्हाला दिलेली. अंगठा काय कोणी बनवतं का रे?"

तो हसला. समजूतदार, सभ्य हसू. "काका, तुम्हीसुद्धा फसलात. काम आहेच तसं."

"मग तू बघ," काका म्हणाले. "तुझ्या पद्धतीने. आधी हात."

तो खुर्चीत बसला आणि त्याने डोळे मिटले. मी निळी त्याच्या तळव्यांत ठेवली. त्याने वजन जोखलं. अंगठा काठावरून फिरला, गळ्यावरून उतरला, बुडात गेला आणि ठशाशी थांबला. त्याच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याचा चेहरा मला माझ्या नवऱ्याचा वाटला.

"अरे, ही तर निळी," तो म्हणाला. "कुठे सापडली?"

मला हुंदका आला. मी तोंडावर हात धरला. आणि त्याने डोळे उघडले.

मी तो चेहरा बदलताना पाहिला. त्याने मांडीवरच्या फुलदाणीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग काकांकडे, मग पुन्हा खाली.

"आत्ता होती," तो म्हणाला. "आत्ता माझ्या हातात होती. कोणी बदलली?"

काकांचं बोट वाजवायच्या बेतात हवेत उचललेलं, ते तसंच राहिलं. माझा नवरा आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघत होता, आणि त्याच्या डोळ्यांत जी भीती होती ती मी आयुष्यात कधी कोणाच्या डोळ्यांत बघितलेली नव्हती. खोलीत आम्ही तिघंच होतो. त्याच्या हिशेबी चोर आमच्यातला एक होता.

काकांना सोडायला मी जिन्यापर्यंत गेले. ते कठड्याला धरून थांबले. "भांड्याला काही झालेलं नाही," ते म्हणाले, आणि पायऱ्या उतरायला लागले. आमचा जिना त्यांनी वाजवून बघितला नाही.

मग डॉक्टर झाले. डोक्याच्या आतले फोटो झाले. डॉक्टरीणबाई वयाने लेकीएवढी होती आणि तिने सगळं नीट, घाई न करता सांगितलं. डोळे बरोबर बघतात, म्हणाली. आठवणही आहे. पण आपली वस्तू बघितल्यावर मनात जे आपलेपण उमटतं, ते बघण्याच्या वाटेने येईनासं झालंय. मग डोकं आपलं काहीतरी कारण शोधतं. दिसते तर तशीच, पण आपली वाटत नाही, म्हणजे कोणीतरी बदलली असणार.

"पण हातात घेतली की ओळखतो तो," मी म्हटलं.

"ती वाट वेगळी आहे. ती शाबूत आहे."

"म्हणजे हे फक्त फुलदाण्यांचं आहे."

तिने पेन टेबलावर ठेवलं. "बहुतेकांच्या बाबतीत हे वस्तूंपासून सुरू होत नाही. माणसांपासून होतं. जवळच्या. तुमच्याकडे उलटं झालंय. औषध सुरू करू, पण तुम्ही मनाची तयारी ठेवा."

मनाची तयारी कशी ठेवतात ते मला कोणीतरी शिकवायला हवं होतं. मी घाबरले. धाबं दणाणणं म्हणजे काय ते मला त्या दवाखान्याच्या बाकावर कळलं. शेजारी तो बसला होता, माझा हात हातात घेऊन. त्याचा अंगठा माझ्या डाव्या तळव्यावर, अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या व्रणावर आपोआप गेला होता. लग्नानंतर घेतलेली पहिली फुलदाणी वाऱ्याने पडली तेव्हा मी तुकडे गोळा करताना कापून घेतलं होतं. टाके पडले, जाड व्रण राहिला. तेव्हापासून रस्ता ओलांडताना, रांगेत उभं असताना, त्याचा अंगठा त्या रेघेवरून फिरतो. "माल सदोष निघाला," असं म्हणतो. "पण परत करायचा नाही." मीही त्याला काहीतरी टोला हाणते. त्या दिवशी तो नुसताच अंगठा फिरवत बसला आणि मी टोला हाणला नाही.

लेकीला फोन करून जावयाची माफी मागितली. ती म्हणाली, मी येते. मी म्हटलं, थांब. का थांब म्हटलं ते तिला सांगितलं नाही. ती आली आणि त्याने तिच्याकडे बघून "ही कोण?" म्हटलं तर? तिला तरी त्यातून वाचवावं असं वाटलं. फोनवर तो तिच्याशी छान बोलत होता, तिच्या लहानपणीच्या खोड्या काढत होता. ते तेवढं राहू दे, म्हटलं.

त्यानंतर रोज सकाळी मी त्याच्या पहिल्या शब्दाची वाट बघायची. तो "अगं" म्हणाला की माझ्या जिवात जीव यायचा. मग दिवस सुरू. मी केस कापणं थांबवलं. जुनाच गाऊन, जुन्याच सपाता. लेकीने चष्म्याची नवी फ्रेम पाठवली होती ती खणात टाकली. बोलायची तशीच बोलायची, करवादायची तशीच करवादायची, कप मेजावर आपटायची तशीच आपटायची. एरवी मी स्वभावानेच तापट आहे, पण आता आठवून आठवून तापत होते. मी स्वतःची हुबेहूब नक्कल करायला लागले होते. आरशात बघताना मीच माझा दोष शोधायची, कुठे पकडले जाईन म्हणून.

त्या काळात तो फार गोड वागला. माझ्या मागे मागे फिरायचा. एकदा भाजी चिरताना मागून येऊन म्हणाला, "तुला तरी नीट सांभाळायला पाहिजे. आता तूच तेवढी राहिलीस." चाकू माझ्या हातातून सुटला. मी पाठ वळवूनच उभी राहिले, न जाणो, वळले आणि त्याने बघितलं तर.

आणि मग ती सकाळ आली. काही विशेष नव्हतं. पाणी उकळत होतं, खिडकीतून ऊन येत होतं, तो दारात येऊन उभा राहिला.

"तुम्ही चहा घेणार का?" त्याने विचारलं.

मला वाटलं, थट्टा करतोय. देवा, थट्टा असू दे. मी म्हटलं, "आज फार मान द्यायला लागलास."

तो जवळ आला नाही. दारातूनच त्याने मला बघितलं, वरपासून खालपर्यंत, गळा, खांदे, हात, फळीवरच्या फुलदाणीकडे बघावं तसं. मी त्याला असं बघताना किती वेळा पाहिलंय. चांगली नक्कल समोर आली की तो तिचा कधी अपमान करायचा नाही. करणाऱ्याने मेहनत घेतलीय, म्हणायचा.

"काम फार सुरेख आहे," तो म्हणाला. "भुवईवरचा तीळसुद्धा." मग अतिशय नम्रपणे विचारलं, "ती कुठे आहे?"

"कोण?"

"माझी बायको."

मी ओट्याला धरलं. पाणी उकळून उतू गेलं आणि शेगडी विझली, तरी आम्ही दोघं तसेच उभे होतो. तो उत्तराची वाट बघत होता.

मी सगळं करून बघितलं. फोटो दाखवले. तो म्हणाला, "हो, ही ती." टकटक काकांच्या दुकानातलं भांडण सांगितलं. तो म्हणाला, "हे तुम्हाला तिने सांगितलं असेल." मी ओरडले, रडले, त्याच्या पायाशी बसले. तो अवघडला आणि त्याने मला पाणी आणून दिलं. तुम्ही, आपण, बसा, घ्या. इतक्या सभ्यपणे तो माझ्याशी आयुष्यात कधी वागला नव्हता.

तो मला भीत होता, हे मला कळायला वेळ लागला. मी वाढलेलं जेवण तो मी पहिला घास घेतल्याशिवाय तोंडात घालत नसे. झोपायच्या खोलीला आतून कडी घालून खुर्ची लावत असे. मी बैठकीच्या खोलीत, कपाटासमोर झोपू लागले. आम्ही दोघं एकाच घरात जीव मुठीत धरून राहत होतो. मला भीती, की तो आता माझ्याकडे बायकोकडे बघावं तसं कधीच बघणार नाही. त्याला भीती माझी.

एकदा न्हाणीघरातून त्याची हाक आली. "अगं, टॉवेल दे ना. परत विसरलो."

अगं. मी धावले. दाराच्या फटीतून टॉवेल दिला. त्याने घेतला आणि म्हणाला, "आज बाजारात जाशील तेव्हा मेण संपलंय ते..." तेवढ्यात त्याने दार अजून थोडं उघडलं आणि मला पाहिलं. वाक्य तिथेच तुटलं. त्याने टॉवेल छातीशी धरला आणि हळूच दार लावून घेतलं. आतून कडी सरकल्याचा आवाज आला.

मी त्या दाराबाहेर उभी राहिले आणि मला टकटक काकांची दुपार आठवली. आधी हात.

पण मला भिणारा माणूस माझ्यासमोर डोळे मिटून कसा बसेल? लाडीगोडी लावून नाही बसणार. रडून तर नाहीच. मी दोन दिवस विचार केला आणि मग दुपारी जेवणं झाल्यावर त्याच्यासमोर जाऊन ताठ उभी राहिले. माझ्या अंगात होता तेवढा सगळा ताठा गोळा केला.

"तुम्ही मला नकली म्हणता," मी म्हटलं. मीही तुम्ही म्हटलं. "म्हणा. पण तपासलंत कुठे? नुसतं बघून ठरवलंत. एवढे जाणकार म्हणवता आणि हातात न घेता माल नकली ठरवता, हे तुम्हाला शोभत नाही."

मी बरोबर त्याच्या मर्मावर बोट ठेवलं होतं. कपाटाकडे एकदा पाहून, माझ्याकडे एकदा पाहून तो म्हणाला, "बरोबर आहे. ते राहिलंच."

तो खुर्चीत बसला. दाराकडे एकदा नजर टाकली, पळायचं झालं तर किती लांब आहे हे बघावं तशी. मग त्याने डोळे मिटले आणि दोन्ही तळवे पुढे केले.

मी गुडघ्यांवर बसले आणि माझा डावा हात त्यात ठेवला. माझ्याकडून काही चुकलं, हात थंड लागला, बोटं म्हातारी लागली, तर संपलंच. यापुढे माझ्याकडे दाखवायला काहीच नव्हतं.

त्याने हाताचं वजन जोखलं. अंगठा नखांवरून गेला, पेरांवरून गेला, अंगठीभोवती फिरला. मग हात उलटा केला. तळव्याच्या मधून, हळूहळू, अंगठ्याच्या मुळाशी आला. व्रणाशी थांबला. एकदा इकडून तिकडे गेला, एकदा तिकडून इकडे.

"सदोष माल," तो म्हणाला.

मी म्हटलं, "परत करायचा होता मग."

त्याने माझा हात इतका घट्ट आवळला की हाडं दुखली. मिटल्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. "कुठे होतीस गं?" तो म्हणाला. "कुठे गेली होतीस मला एकट्याला टाकून?"

"इथेच होते."

"हळू बोल." त्याने आवाज एकदम खाली आणला आणि पुढे झुकला. "ती ऐकेल."

"कोण?"

"घरात एक बाई आलीय. तुझ्यासारखी दिसते. तुझे कपडे घालते, तुझ्या कपातून चहा पिते. मी तिच्याशी गोड बोलतो. तुम्ही, बसा, घ्या. तुला तिने कुठे ठेवलंय ते कळेपर्यंत तिला दुखवून चाललं नसतं ना." त्याने माझा हात छातीशी ओढून घेतला. "फार घाबरलो होतो गं. वाटलं, तुझं काही बरंवाईट केलं तिने."

"मी पण घाबरले होते," मी म्हटलं.

"तुला त्रास दिला का तिने?"

"नाही. ती वाईट नाहीये रे."

"तू सगळ्यांनाच चांगलं म्हणतेस," तो म्हणाला, जे धडधडीत खोटं आहे, आणि माझ्या तोंडून हसू आणि रडू एकदमच बाहेर पडलं. तोही हसला, डोळे मिटूनच. त्याचा अंगठा रेघेवरून फिरत होता. बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. क्षणभर सगळं जागच्या जागी होतं.

"ती आत्ता कुठे आहे?" त्याने विचारलं.

"बाहेर गेलीय."

"मग वेळ घालवू नको. चल, निघू आपण. बाकीच्या राहू देत. नुसती निळी घेऊ." तो उठायला लागला. "थांब, आधी तुला एकदा नीट बघू तरी दे."

"नको," मी म्हटलं. "अजून हातांचं झालेलं नाही." आणि माझा दुसरा हात मी त्याच्या डोळ्यांवर ठेवला.

"वेडी," तो म्हणाला, आणि माझ्या तळव्याखाली त्याच्या पापण्या उघडायला लागल्या.